वसंतराव आणि ‘वसंतसेना’

आपण इंजिनिअरिंगवाले दिवसभर माणसांचीच नावं घेत असतो. व्होल्ट, ॲम्पिअर, ओहम ही सगळी शास्त्रज्ञांच्या नावांवरूनच आली. राजकारणातही नावांचे शब्द होतात, पण तिथे बहुतेक वेळा टोमणा मारायला. असा एक शब्द आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाच्या नावावरून पडला.

वसंतराव नाईकांचा जन्म १ जुलै १९१३ चा, पुसद तालुक्यातल्या गहुलीचा. बंजारा समाजातला हा मुलगा नागपूरला वकिली शिकला. १९४१ साली त्यांनी ब्राह्मण घरातल्या वत्सला घाटेंशी लग्न केलं. त्या काळात हे सोपं नव्हतंच! पुढे पुसदचे नगराध्यक्ष, १९५२ ला आमदार आणि ५ डिसेंबर १९६३ ला थेट मुख्यमंत्री. अकरा वर्षांहून जास्त काळ सलग ते त्या खुर्चीवर होते.

१९६६ मध्ये मुंबईत शिवसेना निघाली. गिरणगावात तेव्हा कम्युनिस्टांच्या युनियन जोरात होत्या. त्या मोडायला नाईक सरकार सेनेला मोकळं रान देतंय, असा विरोधकांचा आरोप होता. आरोप सिद्ध करणं कठीण, मग ‘शिव’ काढून ‘वसंत’ लावलं, झालं काम. त्यात वसंतसेना म्हणजे ‘मृच्छकटिक’ नाटकातली गणिका, म्हणजे टोमणा डबल! आमच्या कॉन्व्हेंटमध्ये संस्कृत नाटकं नव्हती, त्यामुळे ही दुसरी गंमत मला फार उशिरा कळली. पण १९७० मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला आणि त्यांच्या जागेवर सेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. त्यानंतर या शब्दात नुसती गंमत उरली नाही.

मला वाटतं, त्या शब्दातला प्रश्न खोटा नव्हता, पण त्यात पूर्ण माणूस मावत नाही. संकरित ज्वारी शेतकऱ्यांपर्यंत नेणारे, राज्यात कृषी विद्यापीठं उभी करणारे वसंतराव त्यात कुठे आहेत? १९७२ च्या दुष्काळात सरकारने गावोगावी कामं काढली, त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. मुंबईतल्या लोकांना टोमणा आठवतो, इकडे लोकांना शेती आठवते.

२० फेब्रुवारी १९७५ ला त्यांचं मुख्यमंत्रिपद गेलं. १९७७ ला ते वाशिममधून खासदार झाले आणि १८ ऑगस्ट १९७९ ला सिंगापूरमध्ये वारले. १ जुलैला कृषी दिन असतो तो त्यांच्याच वाढदिवसामुळे.