आचार्य धर्मानंद कोसंबी : श्रद्धा आणि चिकित्सा

सोळाव्या शतकातील धर्मच्छळाच्या दिवसांत सांखवाळ गावच्या श्रीलक्ष्मीनृसिंहाने आणि श्रीविजयादुर्गेने आपले मूळ स्थान सोडले. जुवारी नदी ओलांडून श्रीलक्ष्मीनृसिंह वेलिंग येथे, तर श्रीविजयादुर्गा केरी येथे स्थिरावली. हा इतिहास आपणा महाजनांस सांगावयास नको. ज्या गावातून देवांना बाहेर पडावे लागले, त्याच गावातून पुढे तीन शतकांनी एक तरुण आपल्या इच्छेने बाहेर पडला. त्यामागे कोणाचा छळ नव्हता. ज्ञानाची तळमळ तेवढी होती. आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी हे त्याचे नाव. कुलधर्माची वाट सोडून बुद्धाच्या मार्गाने गेलेल्या पुरुषाचे चरित्र देवस्थानाच्या स्मरणिकेत कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर या चरित्रातच आहे.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी सांखवाळ येथे एका गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील दामोदर, आई आनंदीबाई. घर कुळागरांवर चालणारे, सुस्थितीचे म्हणता येईल असे नव्हते. प्रकृती नाजूक असल्यामुळे शाळेचे शिक्षण बेताचेच झाले आणि लहान वयातच नारळीच्या बागांची व्यवस्था अंगावर पडली. वयाच्या पंधराव्या वर्षी, १८९१ मध्ये, बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला. अशा संसारात रुळलेल्या तरुणाच्या हाती ‘बालबोध’ हे मुलांचे मासिक पडले आणि त्यातील बुद्धचरित्राने त्याच्या मनाचा ताबा घेतला. बुद्धाचा धर्म मुळातून जाणून घ्यावयाचा, त्यासाठी पडतील ते कष्ट सोसावयाचे, हा निश्चय तेथेच झाला. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. त्या वेळी थोरली कन्या माणिक तान्ही होती.

प्रथम पुणे. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे मार्गदर्शन लाभले. पुढे ग्वाल्हेरमार्गे काशी. काशीत अन्नछत्रातील अन्नावर निर्वाह करून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. १९०२ मध्ये ते नेपाळात गेले. बुद्धाच्या जन्मभूमीजवळ बुद्धाचा धर्म जिवंत सापडेल ही आशा तेथे विफल झाली. मग बुद्धगया, कलकत्ता आणि अखेर सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या चरणांशी बसून त्यांनी पाली भाषा आत्मसात केली व श्रामणेर दीक्षा घेतली. तेथून ते ब्रह्मदेशात गेले. जवळ द्रव्य नाही, इंग्रजीचे ज्ञान तुटपुंजे, प्रकृती अशक्त. अशा स्थितीत केवळ एका विषयाच्या ध्यासाने केलेला हा प्रवास आहे. तीर्थयात्रा आपल्या पूर्वजांनीही केल्या, परंतु त्या यात्रांत पुण्याची जोड अपेक्षित असे. कोसंबींना हवा होता तो ग्रंथ, आणि तोही मूळ भाषेतील.

सुमारे सात वर्षांनी ते स्वकीयांस पुन्हा भेटले. कलकत्त्यास पाली शिकविण्याचे मानाचे काम मिळाले होते. तेवढ्यात बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा पन्नास रुपये देऊ केले. महाराष्ट्रात राहावे आणि वर्षाकाठी एक ग्रंथ लिहावा, एवढीच अट होती. विद्यापीठातील नोकरीपेक्षा ही प्राप्ती कमी, तरी आपल्या भाषेतील लोकांस बुद्धाचा परिचय व्हावा म्हणून त्यांनी ती पत्करली. मुंबई विद्यापीठात पालीचा प्रवेश झाला तो भांडारकरांच्या साहाय्याने व कोसंबींच्या खटपटीने. १९१२ ते १९१८ पर्यंत त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. पु. वि. बापट यांच्यासारखे विद्वान त्यांच्याच हाताखाली तयार झाले.

१९१० मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यांस पाचारण केले. बुद्धघोषाचार्यांचा ‘विसुद्धिमग्ग’ संपादित करण्याचे काम वॉरन या पंडिताने आरंभिले होते. १८९९ मध्ये, म्हणजे कोसंबींनी घर सोडले त्याच वर्षी, वॉरन वारले आणि ते काम अपुरे राहिले. ते तडीस नेण्यासाठी कोसंबी चार वेळा समुद्र ओलांडून गेले. संपादनाचे श्रेय कोणाचे यावरून मतभेद झाले, तेव्हा मान सोडून राहण्यापेक्षा १९१२ मध्ये ते परत आले. मात्र कामाशी त्यांनी वैर धरले नाही. पुन्हा जाऊन ते पुरे केले. हार्वर्डची ती आवृत्ती १९५० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी प्रसिद्ध झाली. त्यांनी सिद्ध केलेली नागरी लिपीतील आवृत्ती १९४० मध्येच भारतीय विद्या भवनाने छापली होती.

आता मुख्य गोष्ट. ज्या बुद्धासाठी त्यांनी घरदार सोडले, त्याच्या चरित्रातील दंतकथाही कोसंबींनी जशाच्या तशा स्वीकारल्या नाहीत. म्हातारा, रोगी, प्रेत व संन्यासी पाहून राजपुत्रास वैराग्य आले आणि मध्यरात्री निजलेल्या पत्नीपुत्रांस सोडून तो निघून गेला, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. १९४०–४१ मध्ये निघालेल्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांनी दाखविले, की ही कथा पाली ग्रंथांत मुळात विपस्सी नामक पूर्वबुद्धाविषयी सांगितलेली आहे. प्राचीन सुत्तांप्रमाणे गोतम घरातून निघाला तो रडणाऱ्या आईबापांच्या देखत. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात शस्त्रे उपसली जात होती, त्या कलहाचा उबग हे गृहत्यागाचे कारण, असा निष्कर्ष त्यांनी काढला. देवदूत गेले, चमत्कार गेले. उरला तो भाऊबंदांच्या भांडणाने व्यथित झालेला माणूस. तो अधिक जवळचा वाटतो, हे कोणीही मान्य करील.

हीच कसोटी त्यांनी इतरत्रही लावली. ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ (१९३५) या ग्रंथात वैदिक यज्ञसंस्थेची व पुराणधर्माची त्यांनी केलेली चिकित्सा आपणां देवभक्तांस बोचणारी आहे. त्यांचे सारे निष्कर्ष मला पटतात असे नाही. प्राचीन काळी जैन श्रमणही मांस घेत, असे त्यांनी लिहिले तेव्हा जैन समाजात मोठा क्षोभ झाला. परंतु स्वतःच्या उपास्याला एक माप व दुसऱ्याच्या उपास्याला दुसरे, असे त्यांनी कधी केले नाही. अविश्वासालाही एक प्रामाणिकपणा लागतो, तो हाच.

शिवाय त्यांचे विचार ग्रंथांत अडकून राहिले नाहीत. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास पत्करला. १९३७ मध्ये मुंबईत परळच्या श्रमिक वस्तीत बहुजन विहार उभारून ते तेथे राहिले. आयुष्याच्या अखेरीस जैनांच्या पार्श्वनाथ तीर्थंकराचा चातुर्याम धर्म, म्हणजे अहिंसा, सत्य, अस्तेय व अपरिग्रह, हाच मानवजातीच्या तरणोपायाचा मार्ग, असे त्यांचे मत झाले. देह जर्जर झाला, तो समाजावर भार होऊ नये, म्हणून त्यांनी सेवाग्राम आश्रमात अन्न वर्ज्य केले आणि ४ जून १९४७ रोजी शांतपणे देह ठेवला. दुसऱ्याच दिवशी महात्मा गांधींनी प्रार्थनासभेत त्यांचे स्मरण केले. ज्यांच्या प्राचीन आचाराविषयी लिहून रोष ओढवून घेतला, त्यांच्याच परंपरेतील मरण त्यांनी स्वीकारले. पुराव्याचे दान इतिहासाला आणि आचरणाचे दान धर्माला, असा त्यांचा व्यवहार होता.

आयुष्य कचेरीत जमाखर्चाच्या वह्या लिहिण्यात गेलेल्या मजसारख्यास या चरित्रातील एक रक्कम मात्र विसरता येत नाही. ती बाळाबाईंच्या नावावर आहे. ऐन तारुण्यात पतीचा ठावठिकाणा नाही, पदरी तान्हे मूल, भोवती नातलगांची बोलणी; अशी वर्षे त्यांनी काढली. पुढेही पती परदेशी, परमुलखी असता चार मुलांचा संसार त्यांनीच सांभाळला. एकाच्या सत्यशोधनाची किंमत दुसऱ्याने भरली. पुत्र दामोदर हे थोर गणिती व इतिहासकार झाले. त्यांनी पित्याची चिकित्सा आणखी पुढे नेली. त्यांचा मिथकांवरील इंग्रजी ग्रंथ १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. पित्याने श्रद्धेतून शोधास आरंभ केला; पुत्राने शोधालाच श्रद्धेचे स्थान दिले.

आपण श्रींची पालखी खांद्यावर घेतो, वर्षासने भरतो, उत्सव पार पाडतो. हे सारे योग्यच आहे आणि ते चालत राहावे. परंतु जे करतो ते का करतो, असे घरातील एखाद्या मुलाने विचारले तर त्यास नास्तिक म्हणून गप्प बसवू नये. सांखवाळच्या एका मुलाने असेच विचारले होते. उत्तर मिळविण्यासाठी तो अर्धे जग फिरला आणि मिळालेल्या उत्तराप्रमाणे जगला व मेला. आपल्या मुलास उत्तर देता आले तर द्यावे. न आले तर त्याच्याबरोबर आपणही शोधावे. गाभाऱ्यातील समईला त्याने वारा लागणार नाही.