कै. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप आणि लिंगोची गाथा

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे नाव ज्याच्या कानी पडले नाही असा विद्यार्थी वऱ्हाड-नागपुरात क्वचितच सापडेल. परंतु ज्या गृहस्थांचे नाव त्या कॉलेजाला दिलेले आहे ते कोण होते, असे विचारिले असता, एक मिशनरी होते, यापलीकडे बहुतेकांस काही सांगता येत नाही. त्यांनी शाळा स्थापिल्या हे तर खरेच. परंतु आमच्या रानावनांत परधानांच्या मुखी असलेली एक प्राचीन गाथा प्रथम कागदावर आली तीही त्यांच्याच परिश्रमाने. त्यांच्या चरित्राची ही दुसरी बाजू वाचकांपुढे ठेवावी असे आम्ही येथे योजिले आहे.

स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवर बेरिकशायर नावाचा परगणा आहे. त्यातील डन्स या लहानशा गावी ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म झाला. इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सीमेवरील हा मुलूख भुताखेतांच्या, पऱ्यांच्या व लढायांच्या गीतांविषयी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. पऱ्यांच्या राणीबरोबर सात वर्षे राहून आलेला व पुढे भविष्य सांगू लागलेला जो थॉमस नावाचा कवी तिकडील कथांत येतो, तो याच परगण्यातील अर्लस्टन गावचा. अशी गाणी शेतकरी व मेंढपाळ यांच्या तोंडून मिळवून सर वॉल्टर स्कॉट यांनी १८०२ व १८०३ साली छापिली, आणि आजवर अडाण्यांची बडबड म्हणून ज्यांची उपेक्षा होत असे ती गाणी विद्वानांच्या आदरास पात्र झाली. हिस्लॉप यांचे बालपण अशा मुलखात गेले, ही गोष्ट त्यांचे पुढील कार्य पाहताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

एडिंबरो व ग्लासगो येथे विद्याभ्यास पुरा करून ते धर्मोपदेशक झाले व १८४४ च्या अखेरीस सपत्नीक मुंबईस उतरले. पुढील वर्षाच्या आरंभी ते नागपुरास पोचले. त्या वेळी नागपुरावर तिसरे रघूजी भोसले राज्य करीत होते. १८४६ साली हिस्लॉप यांनी तेथे शाळा उघडिली. योगायोग असा की, लोकांच्या कथा, गीते व समजुती यांस मिळून 'फोकलोअर' हे नाव विल्यम थॉम्स या विद्वानाने लंडनमध्ये त्याच वर्षी प्रथम दिले. पुढे १८८३ साली या शाळेच्याच परंपरेतून हिस्लॉप कॉलेज निघाले.

शाळेचे काम सांभाळून हिस्लॉप यांचा उरलेला वेळ निरीक्षणात जाई. धर्मप्रसारासाठी खेडोपाडी फिरताना वाटेतील दगड, शिंपले व झाडांचे ठसे ते जपून गोळा करीत. आपले सहकारी रेव्ह. रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूर प्रांताच्या भूस्तरांवर लिहिलेला निबंध १८५५ साली लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेने छापिला. चांदा भागातील मांगली येथे मिळालेल्या एका प्राचीन जलचराच्या कवटीस सर रिचर्ड ओवेन यांनी शास्त्रीय नाव दिले. एका खनिजास तर हिस्लॉप यांचेच नाव मिळाले. दगड कोठे व कोणत्या थरात सापडला हे टिपल्यावाचून त्याविषयी मत द्यावयाचे नाही, ही शिस्त त्यांनी अंगी बाणविली होती. हीच शिस्त त्यांनी माणसांच्या बाबतीतही पाळिली.

गोंडांच्या वस्तीत जाऊन ते त्यांच्या भाषेतील शब्द, देवांची नावे, लग्नाचे व मर्तिकाचे विधी लिहून घेऊ लागले. मृतांचे आत्मे, गावाचे रक्षण करणाऱ्या देवता, रोग आणणाऱ्या शक्ती, मंत्र जाणणारे ओझे, हे सर्व त्यांच्या टिपणांत आले. गोंडांच्या साडेबारा शाखा त्यांनी नोंदविल्या व त्यांत आमच्या केळापूर-वणीकडील कोलामांचाही समावेश केला. कोलामी ही गोंडीहून निराळी भाषा आहे हे पुढील अभ्यासाने स्पष्ट झाले; तथापि कोलामांची नोंद करणाऱ्या पहिल्या काही विद्वानांत हिस्लॉप यांची गणना होते. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. हे गृहस्थ या देवदेवतांची उपासना सुटावी म्हणून उपदेश करण्यासाठी आले होते. ज्याचे खंडन करावयाचे ते लिहून कशाला ठेवावयाचे, असे त्यांना सहज म्हणता आले असते. तसे न करिता त्यांनी आधी ऐकून घेतले. त्यांचा मोठेपणा आम्हांस येथे दिसतो.

त्यांच्या संग्रहातील मुकुटमणी म्हणजे लिंगोची गाथा होय. सुमारे एक हजार ओळींचे हे गोंडी गीत एका परधानाने म्हणून दाखविले. परधान हे गोंडांचे परंपरागत भाट. किंगरी वाजवून यजमानांच्या कुळांची व देवांची कथा गावी, हा त्यांचा वारसा. त्या गीतात असे सांगितले आहे की, गोंड लोक एका गुहेत कोंडले गेले व केवळ चार भाऊ निसटले. फुलातून जन्मलेला लिंगो त्यांस भेटला व त्यांचा गुरू झाला. अग्नी मिळविण्यासाठी तो एका म्हाताऱ्या राक्षसाच्या शेतावर गेला व त्याने तंतुवाद्य असे वाजविले की राक्षस नाचू लागला. त्या राक्षसाच्या सात मुलींशी चौघा भावांची लग्ने लागली. परंतु त्या स्त्रियांनी लिंगोवर खोटा आळ घेतला व भावांनी त्यास ठार मारिले. कावळ्याने आणिलेल्या अमृताने तो पुन्हा उठला. भावांवर सूड न उगविता तो गुहेतील बांधवांच्या शोधास निघाला, भुजंगास मारून त्याने एका महापक्ष्याची पिले वाचविली व अखेर सर्वांस सोडवून त्यांची कुळे लावून दिली. ज्या समाजाला लोक अक्षरशून्य म्हणून हिणवीत, त्याच्याजवळ न्याय, क्षमा व उपकार यांचा असा विचार पिढ्यान्‌पिढ्या कंठस्थ होता.

हे काम मात्र हिस्लॉप यांच्या हातून पुरे व्हावयाचे नव्हते. नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथे मोठमोठ्या दगडांची प्राचीन वर्तुळे आहेत. ती पाहण्यासाठी ते मध्यप्रांताचे मुख्य अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत गेले होते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी, तेथील शाळेची परीक्षा घेण्यासाठी ते मागे राहिले व संध्याकाळी एकटेच घोड्यावरून बोरीच्या मुक्कामाकडे निघाले. वाटेतील ओढ्यास पूर आला होता. घोडा मुक्कामी परतला, तो स्वाराविना. शोधाअंती त्यांचा मृतदेह पाण्यात सापडला. सेहेचाळीस वर्षे पुरी होण्यास अवघे चार दिवस उरले होते.

टिपणांचे कागद घरी तसेच पडून राहिले. ते वाळवीच्या तोंडी गेले असते तर लिंगोच्या गाथेचा तो पाठ कायमचा नाहीसा झाला असता. टेंपल यांनी ते कागद मिळविले, लावून घेतले व आपल्या प्रस्तावनेसह १८६६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. रसेल व रायबहादूर हिरालाल यांनीही आपल्या १९१६ च्या प्रसिद्ध ग्रंथात या कथेस स्थान दिले. पुढे पैनगंगेपलीकडील आदिलाबादच्या राजगोंडांत फ्यूरर-हायमेनडॉर्फ या विद्वानाने दीर्घकाळ राहून परधानांकडून लिंगोच्या कथा ऐकिल्या व १९४८ साली ग्रंथ छापिला. हिस्लॉप यांच्या पाठात इतर समाजांच्या कथांची बरीच मिसळ झाली आहे, असे पुढील अभ्यासकांस दिसून आले. याने हिस्लॉप यांस कमीपणा येत नाही. पहिली नोंद होती म्हणूनच दुसरी तिच्याशी ताडून पाहता आली.

एक उणीव मात्र मनास लागते. हिस्लॉप यांचे नाव कॉलेजावर आहे, टेंपल यांचे ग्रंथावर आहे. परंतु ज्याच्या स्मरणशक्तीवर ती हजार ओळींची गाथा उभी होती त्या परधानाचे नाव आज कोणाच्या तोंडी नाही. याउलट १८६८ साली मेरी फ्रियर यांनी दख्खनच्या कथांचे जे पुस्तक छापिले, त्यात कथा सांगणारी गोव्याकडील आया आना लिबेराता डिसोझा हिचे नाव व तिची जीवनकथाही दिली आहे. सांगणाऱ्याचे ऋण असेच मानिले पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, लोककथा ऐकणे म्हणजे तीतील भुताखेतांवर विश्वास ठेवणे नव्हे. जादूटोण्याच्या संशयावरून कोणाचा छळ करणे हे पाप तर आहेच, आणि महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने तो अपराधही आहे. परंतु कथा टाकून देणे हाही शहाणपणा नव्हे. टाकळघाटच्या वर्तुळांविषयी लोक नाना गोष्टी सांगत. तेथेच १९६८-६९ साली डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले, तेव्हा दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी लोखंड वापरणाऱ्या लोकांची दफने उजेडात आली. लोकांच्या बोलण्याकडे कान देणाऱ्याच्याच हाती असा इतिहास लागतो. तुमच्या घरी आजोबा-आजी आहेत, शेतावर कोलाम वा गोंड काका-मावशी कामास असतील. सुटीत त्यांच्याजवळ बसा, त्यांस आवडेल तेवढे सांगू द्या, व ते आपल्या वहीत त्यांच्याच शब्दांत उतरून घ्या. आणि कथेच्या आरंभी, कोणी सांगितली, कोणत्या गावी व कोणत्या तिथीस, हे लिहावयास विसरू नका.