राजवाडे पाहायला गेला, राजवाडा घेऊन आला

आधीच सांगून ठेवते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. 'एकोणसत्तर' म्हणजे नेमके किती, हे मला आजही बोटं मोजूनच कळतं. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पदरात घ्याव्यात ही विनंती!

तर झालं असं. दिवाळीच्या सुट्टीत काका-काकूंच्या युरोप टूरचं ठरलं. पॅरिसला तीन दिवस. इंग्रजी येतं म्हणून प्लॅन करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. काकांच्या यादीत सगळे राजवाडे. व्हर्साय, लूव्हर, फाँतेनब्लो. काकूंच्या यादीत एकच ओळ होती, एक संध्याकाळ कॅबरे! काका लाजून लाल झाले. आजीने कॅबरे म्हणजे काय ते विचारलं, तेव्हा घरात कोणालाच सांगता येईना. शेवटी मीच म्हटलं की लावणीच्या फडासारखं असतं, फक्त टेबलावर जेवण येतं. आजीचं समाधान झालं. काकांचं काही झालं नाही.

मग नेटवर बसले. व्हर्साय सोमवारी बंद, लूव्हर मंगळवारी बंद, म्हणजे वार सांभाळणं आलं. मूलाँ रूझ हे प्रसिद्ध कॅबरे 1889 साली सुरू झालं, आणि आपल्या सिव्हिलवाल्यांचा लाडका आयफेल टॉवरही त्याच साली उभा राहिला. हे सगळं शोधता शोधता अचानक एक मराठी नाव समोर आलं आणि काकांची टूर बाजूलाच राहिली. ते नाव म्हणजे इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर, दुसरे.

होळकर म्हटलं की आपल्याला मल्हारराव आणि अहिल्याबाई आठवतात. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यापुढे फारसं कोणी येतच नाही. यशवंतरावांचा जन्म 6 सप्टेंबर 1908 चा, इंदूरचा. शिक्षण मात्र इंग्लंडमध्ये, आधी चार्टरहाउस आणि मग ऑक्सफर्ड. 1924 साली लहान वयातच त्यांचं लग्न झालं. राणी संयोगितादेवी या कागलच्या घाटगे घराण्यातल्या. शाहू महाराज जन्माने ज्या कागलच्या घाटग्यांपैकी, तेच हे नाव.

मुलगा तिकडे शिकत असताना इकडे घरावर आकाश कोसळलं. वडील तुकोजीराव यांच्या दरबारातली मुमताज बेगम ही नर्तकी इंदूर सोडून मुंबईला गेली होती. जानेवारी 1925 मध्ये मलबार हिलवर तिच्या गाडीवर हल्ला झाला आणि तिच्यासोबतचे व्यापारी अब्दुल कादर बावला मारले गेले. धागेदोरे इंदूरपर्यंत पोचले. इंग्रज सरकारने तुकोजीरावांपुढे दोनच रस्ते ठेवले, चौकशीला सामोरं जा नाहीतर गादी सोडा. फेब्रुवारी 1926 मध्ये त्यांनी गादी सोडली. यशवंतराव महाराजा झाले तेव्हा त्यांचं वय होतं सतरा. म्हणजे आपल्याकडे बारावीत असतो ते वय! पूर्ण अधिकार हाती यायला पुढे 1930 साल उजाडलं.

आता विचार करा. वय विशीचं, पैशाला तोटा नाही, वर रेक्टर नाही, आणि पॅरिस हाकेच्या अंतरावर. तेही 1920 नंतरचं पॅरिस! जॅझचा धुमाकूळ चालला होता. अमेरिकेहून आलेली जोसेफिन बेकर 1925 पासून तिथली रंगमंचं गाजवत होती. यशवंतरावांना मोटारींचा नाद होता, जॅझचाही होता. ज्या घरात वडिलांची गादी एका नर्तकीच्या प्रकरणात गेली, त्या घरच्या तरुण राजावर किती नजरा असतील! इंग्रज रेसिडेंट, दरबारी, नातेवाईक, सगळे टपलेलेच असणार. हा बिघडला तर नवल वाटलं नसतं.

पण इथेच गोष्ट वळण घेते. ऑक्सफर्डच्या दिवसांत त्यांची ओळख एकार्ट मुथेसियस या जर्मन आर्किटेक्टशी झाली. मुथेसियस त्यांच्यापेक्षा फक्त चार वर्षांनी मोठा. दोघांची गट्टी जमली. पॅरिसमध्ये हेन्री पिएर रोशे नावाचा कलेतला जाणकार त्यांना भेटला. रोशेमुळे महाराजांना मोठमोठ्या कलावंतांच्या स्टुडिओची दारं उघडी झाली. मॅन रे या फोटोग्राफरने राजा-राणीचे फोटो काढले. बर्नार बुते द मोंवेल याने महाराजांची दोन चित्रं रंगवली. एकात ते पाश्चात्त्य पद्धतीच्या काळ्या सुटात आहेत, दुसऱ्यात मराठी पोशाखात पगडी घालून गादीवर बसलेले. माणूस एकच, चेहरा तोच, पण दोन जगं! कॉन्व्हेंटमधून येऊन मराठी विभागात लिहिणाऱ्या मुलीला ही दोन चित्रं फार जवळची वाटली.

आपल्याकडच्या बऱ्याच राजांनी युरोपचे राजवाडे पाहिले आणि परत येऊन तसेच खांब, तशीच झुंबरं उभी केली. व्हर्सायमधल्या आरसेमहालात 357 आरसे आहेत, ते पाहून कोणाचेही डोळे दिपतील. यशवंतरावांनी मात्र जुन्या राजवाड्याची नक्कल केली नाही. त्यांनी त्या काळातलं सगळ्यात नवं उचललं. 1930 ते 1933 च्या दरम्यान इंदूरला मुथेसियसने 'माणिकबाग' उभारली. सरळ रेषा, धातू, काच, नक्षीकाम जवळजवळ नाहीच. अनेक भाग युरोपात तयार करून जहाजाने आणले. आणि एअर कंडिशनिंग! मे महिन्यात होस्टेलच्या गच्चीवर ओली चादर पांघरून झोपणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

आतल्या वस्तूंची यादी तर डिझाइनच्या पुस्तकाची अनुक्रमणिकाच आहे. रुलमानचं टेबल, आयलीन ग्रेची खुर्ची, ल कॉर्ब्युझिए आणि त्याच्या साथीदारांची आरामखुर्ची. हो, तोच कॉर्ब्युझिए ज्याने पुढे चंदीगड आखलं! राजा-राणीचे पलंग धातूचे आणि काचेचे. मला सगळ्यात आवडल्या त्या मुथेसियसच्या लाल खुर्च्या. त्यांच्यातच वाचायचे दिवे बसवलेले होते. सबमिशनच्या रात्री अशी एक खुर्ची मिळाली तर काय हवं!

शिल्पकार ब्रांकुसीकडून महाराजांनी 'अवकाशातला पक्षी' या शिल्पाच्या तीन प्रती घेतल्या. एक पांढऱ्या संगमरवरातली, एक काळ्या संगमरवरातली आणि एक ब्राँझची. त्यांच्यासाठी ध्यानमंदिर बांधायची कल्पनाही होती. पण जुलै 1937 मध्ये संयोगितादेवी स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. पंचविशीसुद्धा गाठली नव्हती त्यांनी. मागे तीन वर्षांची मुलगी. त्यानंतर ब्रांकुसी मुद्दाम इंदूरला येऊन गेला, पण मंदिर झालंच नाही. काही ड्रॉइंग कागदावरच राहतात. आपल्या प्रोजेक्टसारखी केवळ मार्कांअभावी नाही, ज्याच्यासोबत राहायचं तेच माणूस गेल्यामुळे.

आता एक प्रश्न कोणीही विचारेल, मीही विचारला. हे सगळं कोणाच्या पैशाने? उत्तर उघड आहे, रयतेच्या. जगभर मंदी चालू असताना काचेचा पलंग बनत होता, हे विसरून चालणार नाही. अहिल्याबाईंच्या साध्या राहणीपुढे तर माणिकबाग जास्तच झगझगीत वाटते. पण दुसरी बाजूही आहे. इंदूरला पाणी देणारा यशवंत सागर त्यांच्याच काळात बांधला गेला. त्यांच्या आश्रयाखाली होळकरांच्या क्रिकेट संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. त्या संघाचे कर्णधार म्हणजे आपल्या नागपूरचे सी. के. नायडू! यशवंतरावांना संत करायची गरज नाही, उधळ्या म्हणून मोडीत काढायचीही नाही.

1948 मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झालं. यशवंतराव 1956 पर्यंत तिथले उपराजप्रमुख होते. 5 डिसेंबर 1961 ला मुंबईत ते गेले. वय फक्त त्रेपन्न. पुढे माणिकबागेत सरकारी कचेरी आली. 1980 साली मोनॅकोमध्ये तिथल्या फर्निचरचा लिलाव झाला आणि वस्तू जगभर पांगल्या. संगमरवरी पक्षी ऑस्ट्रेलियात कॅनबेराला गेले, ब्राँझचा पक्षी अमेरिकेला. आपल्याकडे त्यांची किंमत कळेपर्यंत घरटं रिकामं झालं होतं.

पण शेवट ऐका. सप्टेंबर 2019 मध्ये पॅरिसच्या सजावटकलांच्या म्युझियममध्ये याच महाराजांवर मोठं प्रदर्शन भरलं. हे म्युझियम आहे कुठे? लूव्हर राजवाड्याच्याच एका भागात! जो पोरगा विशीत पॅरिसला आला होता, त्याचा राजवाडा पाहायला नव्वद वर्षांनी पॅरिसकर तिकीट काढून फ्रेंच राजांच्या राजवाड्यात गेले.

तर काका-काकूंचा प्लॅन शेवटी असा ठरला: पहिल्या दिवशी व्हर्साय, दुसऱ्या दिवशी लूव्हर आणि शेजारचं ते म्युझियम, संध्याकाळी कॅबरे. काका तयार झाले, कारण काकूंनी एकटीने जायची धमकी दिली! मी काकांकडून एकच कबूल करून घेतलंय. परत येताना आयफेल टॉवरच्या किचेन आणायच्या नाहीत. त्याऐवजी तिकडे जे नवं पाहिलं, ते आम्हाला नीट बसून सांगायचं.

आपल्यातलेही कितीतरी जण उद्या एमएसला बाहेर जातील. पोस्टकार्डावरचं पाहून याल की आजवर इथे कोणी न केलेलं काही डोक्यात घेऊन याल, तेवढं मात्र ठरवून जा. आणि ते कोणाच्या पैशाने, हा प्रश्नही बॅगेत टाका. त्याचं वजन फारसं नसतं.