ट्रकचा गिअर, सुमंत मुळगावकर आणि लळिंगचा घाट

मोबाईलवरच्या ट्रक गेममध्ये मी सगळ्या लेव्हल पार केल्या होत्या. त्यात गिअर म्हणजे स्क्रीनच्या कोपऱ्यातलं एक बटण. त्यामुळे देवपुरात मामांच्या जुन्या टाटा ट्रकवर पहिल्यांदा बसलो तेव्हा छाती फुगलेली होती. पहिला पडला. दुसरा टाकायला गेलो आणि खालून असा करकर आवाज आला, की चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. मामा रागावले नाहीत. हाताने ढकलू नको, कानाने टाक, एवढंच सांगून ते बिडी शोधायला लागले.

आता हे कानाने टाकणं काय असतं, ते आधी बघू.

गिअरबॉक्समधले बहुतेक दाते कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. आपण दांडा हलवतो तेव्हा आत एक स्लीव्ह सरकते आणि हव्या त्या गिअरला शाफ्टशी पकडून ठेवते. अडचण एवढीच, की दोघांचा फिरण्याचा वेग जुळलेला हवा. नाही जुळला तर करकर. नव्या गाड्यांत सिंक्रो रिंग हा वेग घासून जुळवते. मामांच्या गाडीत ती रिंग झिजलेली. म्हणून डबल क्लच: क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, परत दाबा, मग गिअर टाका. वरचा गिअर टाकताना मधे इंजिनचा आवाज खाली येऊ द्यायचा. खालचा टाकताना न्यूट्रलमध्येच थोडी रेस द्यायची. मीटरकडे बघायला वेळ नसतो, आवाजावरूनच कळतं. मला हे जमायला बारा दिवस लागले, आणि त्यातले निम्मे दिवस मी नगावबारीच्या पुढे रिकाम्या जागेत फक्त पहिला-दुसरा-पहिला करत होतो.

त्या बारा दिवसांत एक प्रश्न डोक्यात बसला. ही गाडी आपल्याकडे बनवायची कोणी ठरवली? शोधता शोधता सुमंत मुळगावकर सापडले. आपल्या पिढीला ते नावाने नाही, गाडीने माहीत आहेत. टाटा सुमो मधला ‘सु’ सुमंतचा आणि ‘मो’ इंग्रजीत लिहिलेल्या मुळगावकर आडनावाची पहिली दोन अक्षरं!

त्यांचा जन्म १९०६ चा, मुंबईचा. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकले. परत आल्यावर बरीच वर्षं सिमेंटच्या धंद्यात, एसीसीमध्ये होते. १९४९ मध्ये ते टेल्कोत आले, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये. तेव्हा ही कंपनी ट्रक बनवतच नव्हती. जमशेदपूरला रेल्वेची वाफेची इंजिनं बनायची. १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी १५ वर्षांचा करार झाला आणि त्याच वर्षी पहिला ट्रक बाहेर पडला. पुढे मर्सिडीजचा तारा असलेले ट्रक देशभर धावायला लागले.

करार १५ वर्षांचा, हे मला महत्त्वाचं वाटतं. तोवर सगळं आपल्याला यायला हवं होतं. सुटे भाग मागवून गाडी जोडणं वेगळं, आणि गिअर स्वतः घडवणं वेगळं. दाताचा वरचा थर कडक हवा, नाहीतर झिजतो. पण आतला गाभा चिवट हवा, नाहीतर धक्क्याने दात तुटतो. म्हणजे स्टील, भट्टी, दाते कापायचं मशीन, सगळ्यावर हुकूमत पाहिजे. १९६९ मध्ये करार संपला, तारा गेला आणि बोनेटवर टाटांचा ‘टी’ आला. गाड्या चालतच राहिल्या.

त्याआधीच, १९६६ मध्ये, मुळगावकरांनी पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडला कामाला सुरुवात केली होती. कोणालाही वाटेल, कारखाना म्हणजे लगेच ट्रक. तिथे आधी ट्रेनिंग, संशोधन विभाग आणि ट्रक बनवायला लागणारी मशिनं, डाय बनवण्याचं काम उभं राहिलं. ओसाड माळावर झाडं लावली, तलाव केला. ट्रकची पाळी नंतर आली. आजच्या भाषेत सांगायचं तर ॲप काढण्याआधी माणूस स्वतःचा कंपायलर लिहीत बसला होता. बरेच जण वैतागले असतील.

याचं फळ १९८६ मध्ये दिसलं. टोयोटा, निसान, माझदा, मित्सुबिशी या चार जपानी कंपन्या भारतीय भागीदारांबरोबर छोटे ट्रक घेऊन उतरल्या होत्या. टेल्कोने ४०७ आणली, स्वतःच्या लोकांकडून तयार करवून घेतलेली. ती अजून विकली जाते. धुळ्याच्या मार्केट यार्डात उभं राहून मोजा.

व्हॉट्सॲपवर एक गोष्ट फिरते, की मुळगावकर जेवणाच्या सुट्टीत गायब व्हायचे आणि हायवेच्या ढाब्यावर ड्रायव्हर लोकांत बसून गाडीच्या तक्रारी ऐकायचे. ही दंतकथा म्हणूनच घ्या. पण मामांना सांगितली तर ते म्हणाले, आले असते तर क्लच किती जड आहे ते मीच सांगितलं असतं.

१९८९ मध्ये मुळगावकर गेले. १९९० चं पद्मभूषण त्यांना मिळालं. सुमो रस्त्यावर आली १९९४ मध्ये, ती त्यांनी पाहिलीच नाही.

तेराव्या दिवशी मामांनी मला लळिंगच्या घाटात शेजारी बसवलं. चालवत तेच होते. मालवाहू गाडी चालवायला वयाची २० वर्षं पूर्ण लागतात, आणि त्याआधी हलक्या गाडीचं लायसन्स किमान एक वर्ष हातात असावं लागतं. माझं अजून आठ महिने बाकी आहे. गाडीत कांदा भरलेला होता. उतार सुरू व्हायच्या आधीच त्यांनी डबल क्लच मारून तिसरा टाकला, आवाज न करता. डिझेल वाचवायला काही जण उतारावर न्यूट्रल करतात. मग सगळं वजन एकट्या ब्रेकवर येतं, ड्रम तापतात आणि ब्रेक पकडेनासे होतात. खालच्या गिअरमध्ये मात्र चाकांनाच इंजिन फिरवावं लागतं, आणि तेच गाडीला मागे ओढून धरतं. ४ जुलै २०२३ ला आपल्याच जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरला एक कंटेनर हॉटेलात घुसला आणि दहा-एक माणसं गेली. ब्रेक फेल झाल्याचं तेव्हा सांगण्यात आलं. मामा त्या दिवशी त्याच रस्त्याने येणार होते.

घाट उतरेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. इंजिन गुरगुरत होतं, ब्रेकचा पाय त्यांनी दोनदाच लावला. खाली आल्यावर म्हणाले, आता चौथा कधी टाकायचा ते तू सांग. मी कान लावून बसलो. थोडं लवकर सांगितलं.