एका तारेचे गाणे

गाणे सोपे असले की ते हलके असते, असा आपल्याकडे एक पक्का समज आहे. ताना-आलाप असले, ताल अवघड असला म्हणजे गाणे मोठे; शेतातल्या गड्यालाही म्हणता आले की ते लहान. या समजाला एका माणसाने जन्मभर धक्के दिले. तो माणूस म्हणजे लोकशाहीर अण्णा भाऊ साठे.

आमच्या अर्धापूरकडच्या केळीच्या पट्ट्यात १ ऑगस्ट ही तारीख कोणाला कॅलेंडरात पाहावी लागत नाही. त्या दिवशी अण्णा भाऊंची जयंती. नांदेड-लातूरच्या गावागावांतून मिरवणुका निघतात, हलगी कडाडते. ते आमच्या भागातले नव्हेत. सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातले वाटेगाव हे त्यांचे गाव. १९२० साली मातंग समाजातल्या एका गरीब घरात ते जन्मले. पाळण्यातले नाव तुकाराम. शाळेशी त्यांचा संबंध दीड दिवसाचा, असे सांगितले जाते. पोटासाठी घरच्यांबरोबर ते पायी मुंबईला आले. तिथे पडेल ते काम केले, कापडगिरणीत राबले. अक्षरओळख झाली ती दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचून, अशीही आठवण सांगतात.

नात्यातल्याच एका तमाशाच्या फडात त्यांनी उमेदवारी केली. तिथे त्यांना ढोलकी, तुणतुणे, सवाल-जवाब आणि समोर बसलेल्या माणसाची नाडी, हे सारे हाताशी आले. दुसरीकडे गिरणीकामगारांच्या चळवळीत ते कम्युनिस्ट पक्षाशी जोडले गेले. १९४३ साली त्यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. रशियातले ते शहर मुंबईच्या कामगारांपैकी कोणी पाहिलेले नव्हते. पण घर राखायला उभी राहिलेली माणसे पोवाड्यात भेटली आणि ती त्यांना ओळखीची वाटली. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक काढले. बंगालचा दुष्काळ, मुंबईचा कामगार, काळा बाजार असे विषय गाण्यात आले. आमच्या शेजारच्या तेलंगणातल्या लढ्यावरही त्यांनी पोवाडा केला. तेव्हा आमचा मराठवाडा निजामाच्याच राज्यात होता, म्हणून आम्हाला त्याचे अप्रूप जास्त.

आता या गाण्यांचे सामान पाहा. एक ढोलकी किंवा डफ, एक झांज आणि एक तुणतुणे. तुणतुण्याला तार एकच. तिच्यावर राग वाजत नाही, चाल वाजत नाही. ती एक सूर धरून ठेवते आणि ठेका देते, बस्स. मुख्य शाहीर कथा सांगत पुढे जातो, मागचे झीलकरी शेवटचा शब्द उचलून जी-जीची साथ देतात. चालीची वळणे थोडी, तीच पुन्हा पुन्हा येणारी. दुसऱ्या कडव्यापर्यंत श्रोत्याला चाल पाठ झालेली असते, आणि तिसऱ्याला तोही झीलकरी होतो.

हा साधेपणा गरिबीतून आलेला, हे खरेच. पण अण्णा भाऊंनी तो जाणून वापरला. चालीकडे लक्ष द्यावे लागले नाही की माणूस शब्दांकडे लक्ष देतो. आणि ज्या गाण्याला एक तार पुरते, ते गाणे गिरणीच्या फाटकावर उभे राहून म्हणता येते, बंदी आली तर दुसऱ्या गल्लीत नेता येते. तमाशावर सरकारची वक्रदृष्टी झाली तेव्हा त्यांनी तोच ऐवज लोकनाट्य या नावाने उभा केला.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांनी रचलेली माझी मैना ही छक्कड याचा उत्तम नमुना. छक्कड हा तमाशातला जुना, चटकदार प्रकार. विषयही जुनाच: पोटासाठी मुंबईला आलेला गडी आणि गावी राहिलेली त्याची बायको. तिचे रूप, तिचे दागिने, निघतानाची घालमेल, मग मुंबईची झगमग आणि तिथली उपासमार. ऐकणारा आपल्याच घरात गुंतून जातो. आणि मग त्याच चालीत, एकही सूर न बदलता, कवी त्या ताटातुटीला महाराष्ट्राच्या ताटातुटीशी नेऊन भिडवतो. बेळगाव-कारवारचा सीमाभाग म्हणजेच ती मागे राहिलेली मैना. चाल बदलली असती तर भाषण सुरू झाल्याचे कळले असते. ती बदलली नाही, म्हणून बायकोसाठी दाटलेला गळा मुलखासाठी तसाच दाटून राहिला.

पुढे पाश्चात्त्य देशांतल्या तरुणांनी हेच आपल्या परीने करून पाहिले. १९७६ साली न्यूयॉर्कच्या रामोन्स या चौघांच्या बँडची पहिली तबकडी निघाली. चौदा गाणी, सारी मिळून अर्ध्या तासाच्या आत संपणारी. गिटारचे तीन-चार सूरमेळ, सरळ ठेका, आणि ऐकणाऱ्याला वाटावे की हे आपल्यालाही जमेल. त्याला पंक रॉक म्हणतात. आमच्या शाहिराचे काम तीन सुरांवाचून, एकाच तारेवर आधीच भागले होते.

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. बेळगाव बाहेरच राहिले. अण्णा भाऊंच्या फकिरा कादंबरीला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले. पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या त्यांच्या नावावर आहेत. पण घाटकोपरच्या चिरागनगरातली झोपडपट्टी आणि हलाखी यांनी त्यांची पाठ सोडली नाही. १८ जुलै १९६९ रोजी, एकोणपन्नासावे वर्षही पुरे होण्याआधी, ते गेले. २००२ साली त्यांचे टपाल तिकीट निघाले.

तिकीट पेटीत राहते, गाणे तोंडात राहावे लागते. मैना आमच्यापर्यंत आली ती तोंडोतोंडी. पुढे विठ्ठल उमपांसारख्या शाहिरांनी ती गाजवली, पण त्याआधी ती गिरणगावातून सुटीला आलेल्या गड्यांच्या ओठांवर बसून गावी पोचत होती. आता जयंतीच्या मिरवणुकीत मोठाल्या भिंतींएवढे डीजे येतात. अण्णा भाऊंचेच नाव गर्जत असते, पण आवाज इतका की शेजारच्याचा शब्द ऐकू येत नाही. त्या भिंतीसमोर पोरे नाचतात. झील मात्र कोणी धरत नाही, कारण यंत्राला झीलकरी लागत नाही. हलगीवाल्या म्हाताऱ्याच्या हातातली कला त्याच्याबरोबर जाणार, अशी भीती मला वाटते.

उपाय खर्चाचा नाही. येत्या १ ऑगस्टला मिरवणूक निघण्यापूर्वी अर्धा तास यंत्र बंद ठेवावे. एक हलगी, एक तुणतुणे आणि मैना पाठ असलेला एखादा वडीलधारा एवढे पुरे. दोन कडवी झाली की चाल पोरांना येईल. ती तशीच बांधलेली आहे.