अनवाणी संघाचा कप्तान, डोंगरातला डॉक्टर : टी. आओ

स्वतंत्र भारताच्या पहिल्या ऑलिम्पिक फुटबॉल संघाचा कप्तान कोण, असं विचारलं तर आपल्याकडं फार थोड्या जणांना नाव सांगता येईल. नाव होतं तालिमेरेन आओ. कलकत्त्याच्या मैदानावर सगळे त्यांना टी. आओ म्हणायचे. कप्तान झाले तेव्हा ते मेडिकल कॉलेजात शिकत होते.

त्यांचा जन्म २८ जानेवारी १९१८ चा. गाव चांगकी, आजच्या नागालँडमधल्या मोकोकचुंग जिल्ह्यातलं. तेव्हा हा सगळा मुलूख आसामच्या नागा हिल्स जिल्ह्यात होता. वडील गावचे धर्मगुरू, घरात खाणारी तोंडं बरीच. पोराचा जीव मात्र खेळात. १९३५ साली वडील टायफॉइडनं गेले. मुलानं डॉक्टर होऊन आपल्या माणसांची सेवा करावी, ही वडिलांची इच्छा मागं राहिली. पुढचं सारं आयुष्य आओंनी या एका इच्छेभोवती बांधलं.

शिक्षणासाठी ते आधी जोरहाटला आणि मग गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजात गेले. तिथं मैदानी खेळांत त्यांचं नाव झालं. गुवाहाटीच्या महाराणा क्लबकडून ते फुटबॉल खेळू लागले. १९४२ मध्ये कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. हेच आजचं आर. जी. कर. दुसऱ्याच वर्षी मोहन बागान क्लबनं त्यांना संघात घेतलं. जागा हाफबॅकची, म्हणजे बचावही करायचा आणि पुढच्यांना चेंडूही पुरवायचा. पुढं ते क्लबचे कप्तानही झाले.

मग आलं १९४८ चं लंडन ऑलिम्पिक. देश स्वतंत्र होऊन वर्षही पुरं झालेलं नव्हतं. २९ जुलैला वेम्बलीच्या मैदानावर उद्घाटनाच्या संचलनात भारताचा तिरंगा आओंच्या हातात होता. डोंगरी गावातून आलेला हा गडी साऱ्या देशाच्या पुढं चालत होता.

दोनच दिवसांनी, ३१ जुलैला, इल्फर्डच्या मैदानावर गाठ पडली फ्रान्सशी. आपले बहुतेक खेळाडू अनवाणीच उतरले होते. आपल्याकडं तेव्हा तसंच खेळायची सवय होती. फ्रान्सनं पहिला गोल केला, रामननं बरोबरी साधली. पण आपल्याला मिळालेल्या दोन्ही पेनल्टी वाया गेल्या आणि शेवटच्या मिनिटांत फ्रान्सनं दुसरा गोल घातला. २-१ नं भारत हरला. पण बुटातल्या संघाला अनवाणी पोरांनी शेवटपर्यंत झुंजवलं, याचं तिथल्या प्रेक्षकांना मोठं कौतुक वाटलं.

एवढं नाव झाल्यावर माणूस मैदानातच रमतो. आओ रमले नाहीत. अभ्यास आणि सामने असं दोन्ही सांभाळत १९५० मध्ये ते एमबीबीएस झाले. कलकत्त्यात त्यांना ओळख होती, मान होता. दवाखाना थाटला असता तर पेशंटची रांग लागली असती. तरी १९५३ मध्ये ते कोहिमाच्या सरकारी रुग्णालयात असिस्टंट सिव्हिल सर्जन म्हणून रुजू झाले. मोठ्या फुटबॉलला त्यांनी तिथंच रामराम केला.

तो काळ नागा टेकड्यांत सुखाचा नव्हता. काही वर्षांतच बंड पेटलं, गावं होरपळली. अशा दिवसांत आओ आपल्याच लोकांत डॉक्टर म्हणून राहिले. १९६३ मध्ये नागालँड हे वेगळं राज्य झालं. आओ पुढं राज्याच्या आरोग्य सेवेचे संचालक झाले आणि १९७८ मध्ये निवृत्त झाले. १३ सप्टेंबर १९९८ रोजी त्यांचं निधन झालं.

त्यांच्या जन्मशताब्दीच्या साली, २०१८ मध्ये, टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. ईशान्येत त्यांच्या नावानं फुटबॉल स्पर्धाही भरते. आपल्या तालुक्यांतही मैदान गाजवणारी पोरं आहेत आणि डॉक्टरची वाट बघणारी गावंही आहेत. खेळ की शिक्षण, असा वाद घरोघरी होतो. आओंनी दोन्ही केलं, आणि शिक्षण पुरं झाल्यावर ते माघारी आपल्या डोंगरात गेले.