अनंत फंदी

अनंत फंदी (जन्म : संगमनेर, इ.स. १७४४, मृत्यू : इ.स. १८१९) हे उत्तर पेशवाईतील मराठी शाहीर होते. पोवाडा, लावणी आणि फटका या तिन्ही रचनाप्रकारांत त्यांनी लेखन केले. राम जोशी, प्रभाकर, होनाजी बाळा, सगनभाऊ व परशराम हे त्या काळातील अन्य प्रमुख शाहीर होत.

जीवन

त्यांचे मूळ आडनाव घोलप. संगमनेर येथील मलिक फंदी नावाच्या फकिराशी त्यांचा स्नेह होता. त्यावरून त्यांना फंदी हे नाव पडले, असे सांगितले जाते. जन्माने ब्राह्मण असूनही त्यांनी तमाशाचा फड उभारला व लावण्या रचून लोकप्रियता मिळवली. अहिल्याबाई होळकर यांच्या उपदेशामुळे त्यांनी तमाशा सोडून कीर्तनाचा मार्ग धरला, अशी आख्यायिका आहे.

पोवाडे

पोवाड्यात शाहीर डफाच्या ठेक्यावर पराक्रमाचे वर्णन करतो आणि तुणतुण्याची साथ असलेले झीलकरी त्याचा सूर उचलून धरतात. मार्च १७९५ मध्ये खर्डा येथे मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. या लढाईवर फंदींनी पोवाडा रचला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तरुण पेशवे सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून मृत्यू पावले. त्यांच्यावर फंदींनी ‘माधवनिधन’ हे दीर्घ काव्य लिहिले. विजयाचा उत्साह आणि त्यापाठोपाठ आलेला शोक, दोन्ही त्यांच्या रचनांत उतरले आहेत. १८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाला. शाहिरांना आश्रय देणारी सत्ता लयाला गेल्यानंतर पुढच्याच वर्षी फंदींचे निधन झाले.

फटका

फटका या उपदेशपर रचनाप्रकाराचे प्रवर्तक म्हणून फंदी ओळखले जातात. यात उपदेश असला, तरी तो संतकाव्यासारखा पारमार्थिक नाही. मित्रासाठी पदरचा पैसा खर्चावा, पण जामीन राहू नये, असा रोखठोक व्यवहार त्यात सांगितला आहे. बोलीतील शब्द, ठसकेबाज लय आणि सहज पाठ होणारी यमके यांमुळे त्यांचा फटका घरोघरी पोहोचला.

महत्त्व

शाहिरी वाङ्मय दीर्घकाळ मुख्यतः मुखपरंपरेने टिकले. हॅरी अ‍ॅक्वर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा या परंपरेतील अनेक रचना प्रथमच ग्रंथरूपात आल्या. दरबारी कागदपत्रांत न सापडणारी जनसामान्यांची भावना समजून घेण्यासाठी फंदींसारख्या शाहिरांच्या रचना आजही अभ्यासल्या जातात.